हरताळाखालची ओळ

४ जून

चि. चिमणे,
अनेक आशीर्वाद.

तू मागितलेला पिवळा कण सोबतच्या पुडीत आहे. प्रयोगशाळेतल्या बाईसाहेबांनी, म्हणजे तूच, सवडीने तपासावा. संपादनाला घेतलेल्या या जुन्या वैद्याच्या पोथीने मला मेटाकुटीला आणलंय. प्रत्येक अध्यायाच्या शेवटी एका ओळीवर पिवळा रंग फासून त्यावर वैद्याचं नाव लिहिलंय. खाली काय आहे ते बघायला पात्याने रंग खरवडतोय, तर टेबलभर धूळ. प्रकाशकाचा छपाईसाठी तगादा आहेच.

पोट मात्र महिनाभर बिघडलंय, तळपायांना मुंग्या येतात. केसही गळताहेत. तुझी वहिनी उगाच घोर लावून घेते. वय झालं, दुसरं काय? आहे तशीच माया असू दे.

तुझा दादा

९ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुमच्याकडे फोन नाही, म्हणून मावसभावाच्या हाती हे पत्र देतेय. तो पिवळा रंग म्हणजे हरताळ, आणि त्यात आर्सेनिक आहे. जुना झाला की त्याचा सोमल होतो. तू रोज विष खरवडतोयस, आणि तुझी बोट ओलं करून पान उलटायची सवय मला ठाऊक आहे. पोथीला हात लावू नकोस. हे पत्र घेऊन आत्ता इस्पितळात जा. वहिनी, तो ऐकणार नाही, तुम्हीच न्या. दादा, भांडण मागाहून माझ्याशी कर. लोभ आहेच, तो टिकवायला तू हवास.

चिमणी

१३ जून

प्रिय वन्सं,

हे आधी हसले. म्हणाले, चिमणी लहानपणापासून घाबरट. मी सरळ रिक्षा आणली. लघवीत आर्सेनिक निघालं. हातात चमचा धरवत नाही. डॉक्टरांनी उतारा सुरू केलाय, पण दोन दिवस काळजीचे म्हणाले. मी बाहेर बाकावर बसून लिहितेय. शुद्धीवर आले की एकच विचारतात, खाली काय लिहिलंय. पोथी प्लास्टिकमध्ये बांधून पाठवतेय. जपून हाताळा. आता तुमच्या जिवाचाही घोर लागलाय.

तुमची वहिनी

२२ जून

ती. दादास,
नमस्कार.

तू उठून बसलास हे कळलं, तेव्हा कुठे माझ्या घशाखाली घास उतरला.

वैद्याच्या नावाच्या शाईत लोखंड आहे, बाकी सगळी पोथी काजळीच्या शाईची. म्हणजे ते नाव मागाहून घातलंय. हरताळाच्या आरपार बघणाऱ्या कॅमेऱ्यात खालची ओळ स्पष्ट दिसली. सातही अध्यायांना तीच : ‘रोग्यांना स्वतः औषध देऊन हे वैद्याच्या धाकट्या बहिणीने लिहिलं.’

वैद्याच्या बुद्धीवर तुझी चाळीस पानी प्रस्तावना छापायला गेलीय. काय करायचं ते तू ठरव. मी रागावणार नाही, असं मात्र लिहून देत नाही.

चिमणी

२ जुलै

चि. चिमणे,
आशीर्वाद.

अक्षर वहिनीचं आहे, मजकूर माझा. छपाई थांबवली. प्रकाशक भडकला, वैद्याच्या नावाची जाहिरात झालीय म्हणाला. मी म्हटलं, ते नाव एकदा खोटं घातलंय, दुसऱ्यांदा माझ्या हातून नको. प्रस्तावना रद्दीत गेली. फार जिवावर आलं, खोटं कशाला सांगू?

नवी प्रस्तावना तू लिही, मी फक्त तपासतो. मुखपृष्ठावर लेखिका म्हणून वैद्याची धाकटी बहीण, आणि संपादक म्हणून आपण दोघं. आधी तुझं नाव, यावर वाद नको.

खालची सही माझ्या हातची आहे. वाकडी आली, पण आली.

दादा