पहारा फक्त पुढच्या दाराला

३ मार्च
लागली बाई एकदाची नोकरी! तीही आपल्याच स्फाक्स शहरात. नवऱ्याच्या मारापासून पळालेल्या बायकांना लपवून ठेवणारी संस्था आहे. त्यांचे पत्ते परक्याच्या हाती नकोत, म्हणून सर्व्हर आमचा आमच्याच कार्यालयात, स्वयंपाकघराला लागून. पुढे पहाऱ्याला प्रॉक्सी नावाचा प्रोग्रॅम: आलेल्याचा पासवर्ड तपासायचा आणि त्याचं नाव आत कळवायचं. मग आतला पत्त्यांचा प्रोग्रॅम काही विचारत नाही. हे सगळं माझ्या आधी इथले संगणक सांभाळणाऱ्या हातेमने उभारलं. गेल्या हिवाळ्यात वारला बिचारा. संचालिका नजियाबाईंनी हरिसाची तिखट चटणी माखलेला टूना माशाचा पाव खिलवला आणि म्हणाल्या, पोरी, टिकलीस तर तुझं लग्नही मीच लावून देईन.

९ मार्च
काल कुणीतरी झोहराची फाइल उघडली. झोहरा म्हणजे लेकीला कडेवर घेऊन आलेली, सारखी दाराकडे बघणारी. नशीब, तिला घर अजून द्यायचंय, फाइलमध्ये पत्ता नाही. आतल्या प्रोग्रॅमच्या नोंदीत उघडणाऱ्याचं नाव हातेमचं. स्वयंपाकीण लतीफामावशी म्हणते, जीव अडकलाय त्याचा कामात, फातिहा वाच. मी हसले आणि त्याचं खातं पुसून टाकलं.

१२ मार्च
नोंदीत हातेम पुन्हा आला. प्रॉक्सीच्या नोंदी खालीवर चाळल्या, दारातून कुणीच आलेलं नाही. आणि आत हातेम बसलाय! मावशीबरोबर मीही फातिहा वाचली, काय करणार.

१५ मार्च
कसला आत्मा नि कसलं काय! दर वेळी पासवर्ड टाकायचा कंटाळा, म्हणून नजियाबाईंनी हातेमकडून आतल्या प्रोग्रॅमपर्यंत बाहेरून थेट वाट करून घेतली होती. तिथे पहारा नाहीच. येणाऱ्याने हवं ते नाव सांगावं, आत खरं मानलं जातं. हातेमचं नाव आमच्याच वेबसाइटवर छापलेलं आहे. आणि झोहराचा नवरा, तो मुंजी, बंदरावर संगणकांचंच काम करतो. वाट बंद करा म्हटलं, तर बाई म्हणाल्या, कालची पोरगी तू, मला शिकवतेस? राउटरचा पासवर्ड त्यांच्याकडेच. बसा बोंबलत.

१७ मार्च
आज नोंदीत हातेम नाही. माझं नाव आहे. मी तर तेव्हा बेकरीच्या रांगेत होते! बाईंनी सगळ्यांदेखत विचारलं, मुंजी तुझा कोण लागतो? जीव जळून गेला. झोहराला मात्र माझं पटलं. तिला नि लेकीला माझ्या घरी घेऊन आले.

१८ मार्च
झोहरा कुठे आहे ते बाईंनी फोनवर माझ्याकडून काढून घेतलंच. फाइलमध्ये चढवलाही माझा पत्ता— प्रत्येकीचा नोंदवायचा नियम म्हणे. ओरडले, रडले— ऐकतंय कोण.

१९ मार्च
फाइल पुन्हा उघडलीय. या वेळी नजियाबाईंच्या नावाने. कार्यालयात फोन केला— मावशी म्हणते, बाई तर सकाळपासून हम्माममध्ये—

खाली दार वाजतंय. झोहरा जिना उतरतेय. म्हणते, बाहेर कुणी बाई आहे, नजियाबाईंनी पाठवलंय, उघडते—

झोहरा, थांब! नाव काय, कुणीही सां—