स्वित्झर्लंडचा शिक्का

बाबा, तुम्ही गेलात त्या आठवड्यात मी कुठं होतो हे आपल्या घरात माझ्याशिवाय कुणालाच माहीत नाही. ताईलाही मी सांगितलं नव्हतं. गेल्या महिन्यात तीही वारली. ज्याच्यासमोर बसून हे बोलायला हवं होतं, असं शेवटचं माणूस गेलं, म्हणून आता तुम्हाला लिहायला बसलो आहे. माझं वय आज तुमच्या शेवटच्या वयापेक्षा बरंच जास्त आहे.

माझा पासपोर्ट तुम्हीच काढून दिलात. हिंगणघाटच्या गिरणीनं मला दोन वर्षं इंग्लंडला सूतकताईच्या यंत्रांचं काम शिकायला पाठवायचं ठरवलं, आणि कागद मात्र नागपूरला अडकले. नागपूर तेव्हा आपल्या प्रांताची राजधानी होतं. अल्लीपूरच्या शाळेतून रजा घेऊन तुम्ही तिथल्या कचेरीत जाऊन बसलात. कारकून म्हणाला, "मास्टरजी, कल आइए." तुम्ही म्हणालात, "मी काई जात नाई. बसतो इथंच." असे तीन दिवस तुम्ही त्या बाकावर काढलेत. चौथ्या दिवशी वर्ध्याच्या स्टेशनावर तो पासपोर्ट माझ्या हातात देताना तुम्ही तो आधी उपरण्यानं पुसला होता. "सांभाळजो," म्हणालात. "हा जवळ असला म्हंजे माणूस कवाबी घरी येऊ शकते."

मँचेस्टरजवळच्या ज्या गावात मी राहत होतो, तिथं उन्हाळ्यात एक आठवडा सगळ्या गिरण्या एकदम बंद होत. धुराडी थंड पडत आणि अख्खं गाव समुद्राकाठी निघून जाई. माझ्याबरोबर शिकणाऱ्या दोघांनी स्वित्झर्लंडला जायचं ठरवलं आणि मला चल म्हणाले. आपल्या घरात सुट्टी म्हणजे आष्टीला मावशीकडे जाणं, नाहीतर ओट्यावर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडणं. सुट्टीसाठी परमुलखात जायचं, ही कल्पनाच मला चढली. माझा पासपोर्ट फक्त इंग्लंडपुरता होता. तो लंडनला आपल्या सरकारच्या कचेरीत पाठवून त्यात दुसऱ्या देशाचं नाव घालून घेतलं. मग लंडनच्या स्विस वकिलातीचा अर्ज, दोन फोटो, मी कामावर परत येणार आहे असं गिरणीचं पत्र. अर्जात वडिलांचा व्यवसाय विचारला होता. तिथं 'शिक्षक' लिहिलं. येण्याचं कारण विचारलं होतं. तिथं 'सुट्टी' लिहिलं, आणि खरं सांगतो, तो शब्द लिहिताना मी स्वतःला फार मोठा माणूस समजलो.

पासपोर्ट वकिलातीत होता आणि तार आली. बाबा अत्यवस्थ, ताबडतोब ये. मी दुसऱ्या सकाळी लंडन गाठलं. खिडकीवर एक मध्यमवयीन बाई होत्या. त्यांना तार दाखवली. त्यांनी ती दोनदा वाचली आणि म्हणाल्या, "अर्ज मागे घेतो म्हणून इथं सही करा. पासपोर्ट आत्ता देते." मी विचारलं, "आणि नाही घेतला तर?" त्यांनी तार माझ्याकडे परत सरकवली. म्हणाल्या, "तर तीन दिवसांनी व्हिसासकट मिळेल. पण तुमचे वडील...?" मी म्हणालो, "मी थांबतो."

तुम्हाला आठवत असेल, मी नागपूरला शिकत होतो तेव्हाही एक तार आली होती. आई सीरियस. मी धावतपळत घरी आलो, तर आई चुलीपुढं भजी तळत होती आणि बैठकीत मुलीकडचे पाहुणे बसले होते. तुम्ही हसत म्हणालात, "नाईतं तू आला असता काय बापा?" ही तारही तशीच असेल, असं मी त्या खिडकीपुढं मनाशी म्हणत होतो. पण ती तार तुम्ही पाठवली होती. ही ताईची होती, आणि ताईनं जन्मात कुणाला खोटा निरोप धाडला नव्हता. हे मला तेव्हाही कळत होतं.

तीन दिवसांनी पासपोर्ट हातात आला. आत स्वित्झर्लंडचा शिक्का, शाई अजून ताजी. शनिवारी मुंबईच्या विमानात जागा आहे, असं विमान कंपनीच्या माणसानं टेलिफोनवर सांगितलं. आमची आगगाडी शुक्रवारी सुटणार होती. मी शुक्रवारी निघालो. परत आलो तेव्हा दाराखालून सरकवलेली दुसरी तार पायाखाली आली. ती पाच दिवसांपूर्वीची होती.

घरी लिहिलं की पासपोर्ट सरकारी कामात अडकला होता. अडीच महिन्यांनी शिक्षण संपवून आलो तेव्हा ताईनं मला जवळ घेतलं. "तुहा दोष नाई रे. त्या मेल्यायनं पासपोर्ट अडकवून ठेवला, त्याले तू काय करशीन?" मग तिनं सांगितलं, "बाबा सारखे इचारून राह्यले होते, निंगाला काय तो? निंगाला काय? मी सांगतलं, हो बाबा, निंगाला, इमानात बसला. मंग शांत झाले." आई कोपऱ्यात बसून ऐकत होती. त्यानंतर आमच्या घरात जन्मभर त्या कचेरीला शिव्या बसल्या. नातवंडांनाही ती गोष्ट सांगितली गेली, आणि मी दर वेळी मान हलवत राहिलो. त्या खिडकीवरच्या बाईंनी तर मला पासपोर्ट द्यायला हात पुढं केला होता.

पुढं नोकरीत मला चार-पाच देशांत जावं लागलं. दर वेळी नवा अर्ज, नवी खिडकी, आणि वडिलांच्या रकान्यात 'मयत'. हा शब्द लिहून लिहून बोथट होईल असं वाटलं होतं, तसं झालं नाही. ताईला सांगायचं मी दर दिवाळीला ठरवत असे. शेवटच्या दिवाळीत तिच्या खाटेशी बसलोही होतो. तिनं विचारलं, "काऊन रे, असा गप्प?" मी म्हणालो, काही नाही.

हा कागद मी उद्या जाळून टाकीन. माफी मागायला बसलो होतो, पण तेही जमत नाही, कारण एक गोष्ट आड येते. त्या डोंगरातलं हॉटेल, सकाळची ऊन ऊन पावरोटी, त्या दोघांचं हसणं, मला सगळं फार आवडलं होतं, बाबा. आवडलं नव्हतं, असं मी स्वतःलासुद्धा कधी पटवू शकलो नाही.