राझेम की झाम्यास्त

शनिवार, संध्याकाळचे सात. कार्डिफ.



दर शनिवारी मी ज्या केमिस्टकडे काउंटरवर काम करते, तिथे आज दुपारी एक पोलिश आजी आल्या. इंग्रजी अजिबात येत नव्हतं. आमचा फार्मसिस्ट गॅरेथ म्हणाला, "तू युनिव्हर्सिटीत जर्मन आणि पोलिश शिकतेस ना? यांना सांग, ब्लडप्रेशरच्या जुन्या गोळ्या बंद, त्यांच्याऐवजी या नव्या." मी सांगितलं. आजी हसून गेल्या. काय भारी वाटलं मला!

घरी येताना बसमध्ये तेच वाक्य मनात पुन्हा म्हटलं आणि एका शब्दावर अडले. पोलिशमध्ये 'ऐवजी' म्हणजे झाम्यास्त. मी राझेम तर नाही म्हणाले? राझेम म्हणजे 'सोबत'. दोन्ही एकदम घेतल्या तर प्रेशर किती खाली जाईल? की झाम्यास्तच म्हणाले? आठवेचना.

पुढच्या स्टॉपला उतरून पळत दुकानात गेले. गॅरेथला सगळं सांगितलं, नोकरी गेली असं धरूनच. त्याने आजींचा नंबर शोधला, फोन लावला आणि माझ्या हातात दिला.

"तू राझेम म्हणालीस," आजी म्हणाल्या. "दोन्ही बशीत काढून ठेवल्यात. जेवण झालं की घेते."

"नको, घेऊ नका! झाम्यास्त! फक्त नवी!" मी ओरडलेच.

आजींनी माझ्याकडून ते तीनदा म्हणवून घेतलं, मग जुनी गोळी डबीत परत टाकली.

सोमवारी पोलिशची तोंडी परीक्षा आहे. तिथे चुकले तर फक्त मार्क जातील.