इनपुट एक, म्हात्रे मांडव

२ फेब्रुवारी, रविवार

आजपासून रोजनिशी. कारण आज घरात ट्रान्सकोडर आला. अशा गोष्टींची नोंद राहिली पाहिजे.

उरणच्या एका केबलवाल्याने धंदा बंद केला, त्याच्याकडून घेतला. काळी पेटी, पुढे चार दिवे, मागे बारा भोकं. सौ. म्हणाली, परत डीव्हीडी कशाला आनलाव?

प्रयोजन: पंधरा तारखेला आमच्या भाविकाची हळद, सोळाला लग्न. तिचा भाऊ, आमचा जीवन, जहाजावर फिटर. एप्रिलपर्यंत उतरता येत नाही. परवा फोनवर म्हणाला, पप्पा, लग्नाचं राहू द्या, मला फकस्त भावीची हलद दाखवा. आवाज जरा बसला होता. मी शब्द दिला, एकही क्षण चुकणार नाही.

जहाजावरचं नेट बारीक. मोठा व्हिडिओ तिथवर पोचत नाही. ट्रान्सकोडर मोठा व्हिडिओ आत घेतो आणि बारीक करून बाहेर सोडतो. आमचे वडील मिठागरात उघाडीची फळी वर-खाली करून खाडीचं पाणी लागेल तेवढंच आत घ्यायचे, तोच प्रकार. म्हणजे हे काम आमच्या रक्तात आहे.

संकल्प: मॅन्युअल १४२ पानांचं, इंग्रजी. रोज पहाटे पाचला उठून पंधरा पानं. दहा दिवसांत खलास, मग उजळणी. तोवर चहा बंद.

३ फेब्रुवारी, सोमवार

पहाटे ७.३०. पान एक व दोन वाचली. एकवर कंपनीचं नाव आहे, दोन कोरं आहे. वेग समाधानकारक.

चहा घेतला. पाहुणे आले म्हणून. पाहुणे म्हणजे विनेश, गावातलाच, लग्नांचे व्हिडिओ काढतो. आपल्या मांडवातही तोच कॅमेरा लावणार. पेटी बघून म्हणाला, काका, साधा व्हिडिओ कॉल लावा ना, दोन मिन्टांचं काम हाय. मी हसलो. कंटेनर यार्डाच्या गेटवर एकोणीस वर्षं कॉम्प्युटरवर नंबर टाकतोय. आजवर एक कंटेनर हरवला नाही. २०१४ चा हरवला नव्हता, दुसऱ्या रांगेत होता.

५ फेब्रुवारी, बुधवार

आज इनपुट सोर्स. म्हणजे व्हिडिओ कुठून घ्यायचा हे पेटीला सांगायचं. लॅपटॉपवर एक फॉर्म उघडतो. नाव, पत्ता, पोर्ट.

नाव: रामचंद्र म्हात्रे. पत्ता: संपूर्ण लिहिला, पिनकोडसह. पोर्ट: उरण.

पेटीने घेतलं नाही. लाल अक्षरात काहीतरी आलं. विनेशला फोन केला. पत्ता म्हणजे कॅमेऱ्याचा पत्ता, आकड्यांचा. पोर्ट म्हणजेही नुसता आकडा. अर्धं आयुष्य पोर्टच्या दारात काढलं, आता ही पेटी मला पोर्ट शिकवणार.

संध्याकाळी ६.१०. यश! माझा मोबाइल इनपुट म्हणून जोडला. मी कॅमेऱ्यासमोर हात हलवला. चाळीस सेकंदांनी लॅपटॉपवर हात हलला. सौ.ला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, म्हंजे तुमच्यासारकीच हाय, सांगितल्यावर चालीस सेकंदांनी हालते.

मॅन्युअल: पान ४.

८ फेब्रुवारी, शनिवार

गणराजबद्दल लिहायचं नाही असं ठरवलं होतं. लिहावं लागतंय.

गणराज म्हात्रे, समोरचं घर, आमचा भाऊबंद. सहा वर्षं बोलणं नाही. कारण शेवगा. झाड त्याचं, फांदी आमच्या अंगणात, शेंगा वादग्रस्त. तर त्याच्या सोनलची हळदही पंधरालाच. मुद्दाम. सौ. म्हणते मुद्दाम कशाला, भटजी एक, पंचांग एक, तर मुहूर्त दुसरा कुठून आणणार. मला पटत नाही.

मांडववालाही तोच. विनेशही तोच. कहर म्हणजे वायफायही तेच. विनेश म्हणाला, काका, वीस पावलांवर दोन मांडव, दोन राउटर कशाला? गणराजच्या वाऱ्याला उभं राहायचं नाही हा माझा नियम. पण वायफायला राहावं लागेल. जीवनसाठी गिळलं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

पान ९. यार्डात डबल ड्युटी, त्यात पत्रिका वाटायच्या. उरलेली पानं अनुभवाने भरून काढेन.

महत्त्वाचं शिकलो. इनपुट दोन द्यायचे, एक मुख्य, एक राखीव. मुख्याचं चित्र दहा सेकंद गेलं तर पेटी आपण होऊन राखीववर उडी मारते. फार हुशार यंत्र. आमचं चांगलं जमेल.

चहा: चार.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

विनेशने दोन्ही मांडवांत कॅमेरे लावले. मी लॅपटॉपवर 'शोधा'चं बटण दाबलं. यादी आली:

म्हात्रे मांडव १
म्हात्रे मांडव २

अख्खी आळी म्हात्र्यांची, विनेश तरी दुसरं काय नाव देणार? त्याचा व्हॉइस मेसेज येऊन पडलाय, दीड मिनिटाचा. आज कोणाला वेळ आहे? आणि यात विचारायचं काय? आम्ही थोरल्या पातीचे. एक नंबर आमचा, दोन गणराजचा. मुख्य: १. राखीवच्या रकान्यात गणराजचा मांडव घालायला हात धजत नव्हता, पण पेटी रकाना रिकामा घेत नाही. घातला.

दोन्ही चित्रं तपासली. दोन्हीकडे पिवळं कापड, झेंडूच्या माळा, रिकाम्या खुर्च्या. तरी आमची सजावट उजवी. हे परक्यालाही कळेल.

लिंक जीवनला पाठवली. शिवाय आळीच्या ग्रुपवर टाकली. गणराज त्या ग्रुपवर आहे हे माहीत आहे. बघू दे.

१५ फेब्रुवारी, शनिवार. हळद

दुपारी ३.४०. मागच्या खोलीत कंट्रोल रूम. दार बंद, कोणाचा पाय वायरीत नको. पेटी तापते म्हणून टेबलफॅन पेटीकडे. मी घामाघूम.

४.०५. लाइव्ह! जीवनसाठी बारीक केलेलं चित्र काडेपेटीएवढं दिसतं. बायकांच्या साड्या पिवळ्या, पुरुषांचे कुडते पिवळे, पाटावरची पोर नखशिखांत पिवळी. बाहेर दोन्ही मांडवांत एकच गाणं. जीवनचा मेसेज: दिसतंय पप्पा, अटकत नाय. डोळ्यांत पाणी आलं. फॅनच्या वाऱ्याने येतं.

४.२०. सौ.चा निरोप, हळद लावायला या. कळवलं, मी उठलो आणि इथे काही झालं तर? चित्राकडे बघायलासुद्धा फुरसत नाही, सगळं लक्ष हिरव्या दिव्यावर आहे.

४.४१. संकट! मुख्य इनपुट गेला. विनेश बॅटरी बदलत असावा. पेटीने राखीववर उडी मारली. गणराजचा मांडव जगभर लाइव्ह! मधोमध एक जाडजूड बाई पदर खोचून नाचतेय, तोंडात बोटं घालून शिट्टी मारतेय. त्या घराची तऱ्हाच अशी. एकोणीस सेकंद हे जगाला पाहावं लागलं. मुख्य परत येताच राखीवमधून गणराज कायमचा उडवला, तिथेही एक नंबरच घातला.

४.५०. पुन्हा निरोप. भाविका विचारतेय, पप्पा कुठं हायत? कळवलं, आलोच.

५.३०. आता निरोप येणं बंद झालंय. बरं झालं, काम नीट होतं.

६.१५. समाप्त. दोन तास दहा मिनिटं. बघणारे एकसष्ट. एकदाही खंड नाही, ती बाई सोडून. बाहेर आलो. मांडवात आचारी पातेली लावत होते. सौ. म्हणाली, हलद झाली. भाविका आत बायकांच्या घोळक्यात होती, तिथे पुरुषांना काय काम.

७.१०. जीवनचा व्हॉइस मेसेज. हा मात्र ऐकला. पोरगा रडत होता. म्हणाला, पप्पा, मेसमध्ये बारा जनांनी बसून बगितलं, कुकनी शिरा केला. चित्र बारीक होतं, भावी तर वलखूच येत नव्हती. पन टोपीवरून गणराजकाका वलखले. भांडण मिटलं ते तुमी सांगलाच नाय! भावीला हलद लावताना काय ररत होते, सोताच्या पोरीसारके. मधे जरा वेल आई शिट्टी मारताना दिसली, लय बरं वाटलं. ती परत का नाय दाखवलीत? आनि तुमी कुठं होतात? तुमी दिसलाच नाय.

७.१४. परत ऐकला.

७.२०. विनेशचा दीड मिनिटाचा मेसेज ऐकला. गणराजकाकांनी बुकिंग आधी केलं म्हणून त्यांचा एक, तुमचा दोन. शेवटी म्हणतो, काका, तेवढं लक्षात ठेवा हां.

७.२५. म्हणजे शिट्टीवाली बाई. हे सौ.ला सांगायची गरज नाही.

७.४०. जीवनला मेसेज लिहिला: 'तांत्रिक कारणास्तव बहीण बदलली होती.' खोडला. तीनदा लिहिला, तीनदा खोडला. शेवटी सौ.ला मांडव बदलल्याचं सांगितलं, तिनेच कळवलं. त्याच्याकडून फक्त दोन निळ्या खुणा.

८.००. गणराज आला. सहा वर्षांनी उंबऱ्यात उभा, हातात लाडवांचा डबा. त्याची सासू माणगावला, पाय प्लास्टरमध्ये, नातीच्या हळदीला येऊ शकली नाही. कोणीतरी लिंक पुढे पाठवली. म्हातारीने अंथरुणात बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितलं. गणराजने माझा हात धरला. म्हणाला, रामचंद्र, तू सोनलची हलद दाखवशील असं माज्या सपनात पन नव्हतं. मी म्हणालो, शेजारधर्म. शेवग्याचा विषय दोघांनीही काढला नाही. भाऊबंदकी मिटवणं हे नियोजनात होतंच, इथे लिहायचं राहून गेलं होतं.

तो गेल्यावर मात्र वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. इथे खोटं लिहून काय करू, वाचणारा मीच. शब्द मी दिला होता. पोराने दुसऱ्याच्या पोरीसाठी रडून घेतलं. आणि मी माझ्या पोरीची हळद भिंतीपलीकडे बसून चुकवली. चुकीचं चित्रसुद्धा मी धड बघितलं नाही.

जेवण गेलं नाही. लाडू दोन खाल्ले.

१६ फेब्रुवारी, रविवार. लग्न

सकाळी ५.००. जाग आली. पहिल्यांदाच. मॅन्युअल उघडलं नाही.

७.१५. सौ.ने काल एका वाटीत हळद काढून ठेवली होती. म्हणे, जीवनच्या वाटची. मला कोणी बोललं नव्हतं. न्हाणाच्या आधी तिने भाविकाला मागच्या दारी पाटावर बसवलं, माझा फोन घेतला आणि जीवनला व्हिडिओ कॉल लावला. एका रिंगमध्ये लागला. चित्र स्वच्छ. जीवनची दाढी वाढलीय हेसुद्धा दिसलं.

मी विचारलं, अरे, तुमचं नेट बारीक ना? त्याने दाढी खाजवली. मग म्हणाला, मागच्या आठवड्यात जहाजावर नवीन बसवलं. तुमी एवरा जीव लावून करत होतात पप्पा, म्हनून बोललो नाय.

सौ.ने फोन माझ्या हातात दिला. म्हणाली, फकस्त धरा. काय दाबू नका.

धरला. काही दाबलं नाही. समोर भाविका. कालची हळद सुकून कानामागे राहिली होती. मी तिला काल सकाळनंतर बघितलंच नव्हतं. ती म्हणाली, पप्पा, आलाव एकदाचे. रागाने म्हणाली नाही, त्याने जास्तच लागलं.

जीवन म्हणाला, पप्पा, माज्याकरून तुमीच लावा. फोन डाव्या हातात घेतला. उजव्या हाताने एका गालाला जीवनची हळद लावली. दुसऱ्या गालाला माझी. भाविका हसायला गेली आणि तिला रडू आलं. तिकडे जीवनचंही तेच.

मग तो म्हणाला, पप्पा, पिक्चर हालतंय.

मी म्हणालो, नेटवर्क.