आधी वाच, मग नाकार

बोरिवली,
६ जानेवारी २०२५

चि. गंधाली हिस काकाचे अनेक आशीर्वाद.

फोनवर आपण एकमेकांना वाक्य पुरं करू देत नाही, म्हणून हे पत्र. परवा फोन तू आपटलास आणि काकू दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, जणू मीच आपटला होता.

धम्मपालबद्दल माझी तक्रार नाही, हे पुन्हा लिहितो. जुन्या इमारती तपासायचं त्याचं काम जबाबदारीचं आहे, माणूस सरळ आहे. घाटकोपरला आईला एकटीला न सोडता राहतो, हे मला विशेष आवडलं. मला खटकतं ते वेगळंच. नुसतं सह्यांचं लग्न. होम नाही, सप्तपदी नाही, आणि कारण काय, तर तू देव मानत नाहीस. तुझ्या बाबांच्या माघारी कन्यादान मी करायचं, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो गं.

मानू नकोस. पण न वाचता नाकारणं हा आळस आहे. मी उभा जन्म हे धर्मग्रंथ वाचतोय, दर रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये वर्ग घेतो, तरी मला सगळं कळलं असं म्हणवत नाही. तू फिजिओथेरपिस्ट आहेस. पेशंटचा गुडघा न बघताच व्यायाम सांगतेस का? लग्नविधीच्या मंत्रांचं पुस्तक अर्थासकट पाठवतोय. आधी वाच, मग नाकार.

उत्तरावहिनींना नमस्कार. माझ्यावर राग असला तरी चालेल, पण पत्राचं उत्तर पत्रानेच दे.

तुझा,
विद्याधरकाका


मुलुंड,
१९ जानेवारी २०२५

ती. स्व. काकांस सा. न. वि. वि.

वाचलं. दुपारी क्लिनिकमध्ये दोन पेशंटच्या मधे जेवढी मोकळीक मिळते तेवढ्यात, पण शब्द न् शब्द वाचलं.

सातव्या पावलाला नवरा बायकोला मैत्रीण म्हणतो, ते मला फार आवडलं. खोटं कशाला बोलू? पण त्याच विधीत असंही आहे की मुलगी आधी एका देवाची, मग दुसऱ्याची, मग तिसऱ्याची, आणि माणूस हा तिचा चौथा नवरा. काका, हे माझ्याबद्दल लिहिलंय. आणि कन्यादानात मला नटवून, पाणी सोडून, देऊन टाकायचं. तुम्ही मला लहानपणी सायकल शिकवलीत, दहावीला माझ्यासाठी रजा काढलीत. तुमच्या हातून मी अशी दिली जाणार नाही.

गुडघ्याचं म्हणाल तर गुडघा मी बघतेच. पण माझी पुस्तकं वाचल्याशिवाय पेशंटने दुखतंय म्हणू नये, असं मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

आणखी एक. आईने आयुष्यभर व्रतं केली, एकाचाही अर्थ कधी विचारला नाही. तिला तुम्ही कधी म्हणालात का, की वहिनी, आधी वाचा, मग माना? अभ्यासाची सक्ती फक्त नाही म्हणणाऱ्यालाच का?

तुमचं पुस्तक मी धम्मपालच्या आईंना दाखवलं. त्या खूप हसल्या. मग म्हणाल्या की त्यांचे आजोबा कोकणात, गावात पोथी चालली होती तेव्हा ऐकायला अंगणाच्या कडेला उभे राहिले. त्याबद्दल त्यांना एवढं मारलं की पुढे एका कानाने ऐकू येईना. ज्यांना ऐकूही दिलं नाही, त्यांच्या नातवंडांना आता विचारायचं, तुम्ही वाचलंत का? मला तेव्हा त्यांच्याकडे बघवेना.

काकूला गोड पापा. तुमच्यावरचा राग कायम आहे आणि मायाही.

तुमची,
गंधाली


बोरिवली,
२३ जानेवारी २०२५

चि. गंधाली, आशीर्वाद आहेतच.

त्या आजोबांचं वाचलं. ते पापच होतं. पण ते ग्रंथाने केलं नाही, माणसांनी केलं, एवढं मी म्हणणारच. बाकी प्रश्नांची उत्तरंही माझ्याकडे आहेत, लिहीत बसलो तर वही संपेल. दोन फेब्रुवारीच्या रविवारी दोघं वर्गाला या. काय विचारायचं ते सगळ्यांसमोर विचारा. काकू मटारच्या करंज्या करणार आहे, तेव्हा नाही म्हणायची सोय नाही.

वाट पाहणारा,
काका


मुलुंड,
३ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. काकांस नमस्कार.

आज सा. न. वि. वि. लिहायला हात होत नाही.

आम्ही तुमच्या शब्दावर आलो होतो. तुमच्या सोसायटीचे सेक्रेटरी देवव्रतराव उठून म्हणाले की आजकालच्या मुली एक ओळ न वाचता धर्म मोडीत काढतात. मी एवढंच विचारलं की इथे बसलेल्यांपैकी किती जणांनी मानण्याआधी वाचलं होतं. तेव्हा देवव्रतरावांनी मला उत्तर द्यायचं सोडून धम्मपालला त्याचं पूर्ण नाव विचारलं. त्याने सांगितलं. ते म्हणाले, वाटलंच. आणि मागच्या रांगेत दोघं हसले.

धम्मपालचा आवाज चढला नाही. तो म्हणाला की आमच्याबद्दल जे लिहिलंय ते मी वाचलंय. बाकीचं किती सुंदर आहे ते कळून घ्यायची मला घाई नाही. त्याच्या जागी मी असते तर खुर्ची उचलली असती.

आणि तुम्ही काय केलंत, काका? चष्मा पुसलात. पुस्तक मिटलंत. आता चहा घेऊ या, म्हणालात.

ग्रंथाने नाही, माणसांनी केलं, असं तुम्ही लिहिलं होतंत. काल माणसंच होती ना समोर? काकू तेवढी लिफ्टपर्यंत आली, करंज्यांचा डबा तिने धम्मपालच्याच हातात दिला आणि त्याला म्हणाली की डबा परत करायला तूच ये.

लग्नाची नोटीस आम्ही दिली आहे. कुणी आशीर्वाद द्यावेत म्हणून मी आता एक पानही वाचणार नाही. वाचलं तर मला वाटलं म्हणून, आणि नाकारलं तर तेही मला वाटलं म्हणून.

गंधाली


बोरिवली,
१० फेब्रुवारी २०२५

चि. गंधाली हिस,

आशीर्वाद घ्यायचे की नाही ते तू ठरव, मी देऊन ठेवतो.

तू लिहिलंस त्यातला शब्दही खोटा नाही. मी गप्प बसलो. धम्मपालला फोन करून त्याची माफी मागितली आहे. तो काय म्हणाला ते त्याच्याकडूनच ऐक.

काल वर्गात मी सांगितलं की यापुढे अट सगळ्यांना सारखी. मानायचं असेल त्यानेही आधी वाचायचं. देवव्रतरावांनी मागच्या वर्षी चारकोपला मुलीचं लग्न लावलं. त्यांनाच उभं केलं आणि त्या लग्नात म्हटलेल्या मंत्राचा अर्थ मोठ्याने वाचायला दिला. चौथ्या नवऱ्यापाशी येऊन ते थांबले. म्हणाले, छपाईची चूक आहे. मी मूळ काढून दाखवलं. तेव्हा लाल होऊन म्हणाले की असले अर्थ काढायचेच कशाला? मी म्हटलं, मग एक ओळ न वाचल्याबद्दल आमच्या गंधालीला गेल्या रविवारी कशाला बोललात? आणि ज्या पाहुण्याला तुम्ही नावावरून मोजलंत, तो माझा जावई आहे, पुन्हा तसं बोललात तर वर्गाबाहेर तुम्ही जाल.

ते गेलेच. जाताना हॉल यापुढे मिळणार नाही असंही सांगून गेले, आणि बरेच जण त्यांच्या मागून गेले. उरलेले आता आमच्या बाहेरच्या खोलीत बसणार. काकूही बसणार म्हणते. तिने कालच मला दोन प्रश्न घातले, त्यांसाठी पुस्तकं काढून बसलोय.

मी देव सोडलेला नाही, सोडणारही नाही. तुझं वाचन अजून अर्धवट आहे, हे मी मरेपर्यंत तुला ऐकवणार. पण नाही म्हणायला परीक्षा पास व्हावी लागत नाही, एवढं मला कळलं. तुमच्या लग्नाला यावंसं फार वाटतं. कोण म्हणून येऊ, ते तू सांग.

उत्तराची वाट बघतोय, कोरडं असलं तरी पाठव.

काका


मुलुंड,
१४ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. काकांस सा. न. वि. वि.

पत्र आईला मोठ्याने वाचून दाखवलं. ती रडली आणि लगेच म्हणाली की त्या देवव्रतचा चेहरा बघायला हवा होता. धम्मपालने पत्र स्वतः दोनदा वाचलं. जावई या शब्दापाशी तो थांबला होता, पण तसं कबूल करत नाही.

साक्षीदार म्हणून या. सह्या तिघांच्या लागतात. एक माझी आई, एक त्याची आई, तिसरे तुम्ही. आधार कार्ड आणा. मंगलाष्टकं म्हणायची नाहीत. मनात म्हणालात तर मला कळणार नाही, पण डोळे मिटलेत तर कळेल.

आणि मी अजिबात बदललेली नाही, हे लक्षात ठेवून या.

लोभ आहेच, तो मागायचा काय!

तुमची,
गंधाली


बोरिवली,
२१ मार्च २०२५

चि. गंधाली आणि चि. धम्मपाल यांस भरभरून आशीर्वाद.

कार्यालयातल्या त्या पंख्याखाली पाच मिनिटांत लग्न लागलं. धम्मपालच्या आईंनी सही केल्यावर पेन माझ्याकडे दिलं आणि म्हणाल्या की घ्या, विद्याधरभाऊ, आता तुमची. इतकी वर्षं मी लग्नं बघतोय, पण मुलाकडच्यांच्या बरोबरीने एका ओळीत उभा कधी राहिलो नव्हतो. डोळे मी मिटले नाहीत, तू बघतच होतीस.

तुला माहीत नाही ते सांगतो. काल खाली देवव्रतराव भेटले. चारचौघांत मोठ्याने विचारलं की झालं का लग्न, कन्यादान कोणी केलं?

मी सांगितलं की दान झालंच नाही. आमची मुलगी कुणाच्या मालकीची नव्हती, तेव्हा कुणी दिली नाही आणि कुणी घेतली नाही. ती आपल्या पायांनी चालत गेली आणि आपल्या हाताने सही करून आली. मी फक्त ते पाहिलं, आणि पाहिलं असं लिहून दिलं.

ते म्हणाले, हे कुठल्या ग्रंथात सांगितलंय?

मी म्हटलं, कुठल्याच नाही.

रविवारी दोघं जेवायला या.

तुमचा,
विद्याधरकाका