एक नंबर कुणाचा

४ जून
खारूताईचा फोन आला होता. हे नाव मी ठेवलेलं, तिला माहीत नाही. यांच्या कामातली भागीदार. कुठलीही गोष्ट घडी घालून, दाबून, कमी जागेत बसवायची तिला भारी हौस. म्हणाली, वहिनी, सरांची रिपॉझिटरी, म्हणजे प्रोग्राम आणि त्यातला प्रत्येक बदल साठवायचं कोठार, फार फुगलीय. वाचनालयांच्या देवघेवीचा तो प्रोग्राम दोघांनी मिळून केला. प्रोग्राम मूठभर, पण प्रत्येक रिव्हिजनबरोबर, म्हणजे बदलाच्या प्रत्येक नोंदीबरोबर, तो बदल कुणी केला, कधी, का, हे दर वेळी अख्खं लिहिलेलं. हा मेटाडेटा पोतंभर झालाय. आता नावं एकदाच एका तक्त्यात लिहायची, प्रत्येकाला नंबर द्यायचा आणि रिव्हिजनमध्ये नुसता नंबर ठेवायचा. ज्याच्या रिव्हिजन जास्त, त्याचा एक नंबर.
मी म्हटलं, खुशाल करा.
एक नंबर यांचाच असणार. विचारायचीसुद्धा गरज वाटली नाही.

५ जून
विचारलं नाही. पण यांच्या लॅपटॉपवर मोजून पाहिलं. यांच्या शेल्फातली पुस्तकं वाचून एवढं मला जमतं. क्लास लावलेला नाही. हे गेल्यावर संध्याकाळी दुसरं करायचं काय होतं.
खारूताई पुढे आहे!
परत मोजलं. तरी पुढे.
मला राग वगैरे आलेला नाही. आकड्यांपुरतं बोलतेय.

६ जून
बदलांची कारणं वाचत बसले. जेवताना 'हं'च्या पुढे न जाणारे हे तिथे परिच्छेदच्या परिच्छेद लिहीत. एका ठिकाणी लिहिलंय, 'तिचं म्हणणं बरोबर होतं, माझंच चुकलं.' उभ्या संसारात हे वाक्य माझ्या वाट्याला आलं नाही.
ठरवलं: यापुढे कारणं वाचायची नाहीत. दुपारी फक्त मागच्या दोन वर्षांची वाचली.

८ जून
यांना पुढे आणायचा मार्ग सापडला. यांची कितीतरी बारीकसारीक कामं अर्धवट राहिलीत. कुठे शब्द चुकलाय, कुठे जागा सुटलीय. ती मी पुरी करते. प्रत्येक दुरुस्तीची एक रिव्हिजन होते, ती परस्पर वाचनालयांत पोचते आणि लॅपटॉप यांचा असल्याने नाव आपोआप यांचं पडतं. म्हणजे खोटं मी काहीच लिहीत नाही. मशीन लिहितं.
कारणाच्या जागी 'हं' लिहिलं. अगदी यांच्यासारखं वाटलं. थोडा वेळ स्क्रीनकडे बघत बसले.

११ जून
मस्त वेग आलाय. शब्द संपले, म्हणून आता ओळी सरळ करायला घेतल्यात. काही ओळी उगाच आत सरकलेल्या होत्या, त्या बाहेर आणल्या. हे टापटिपीचे होते. इतका गबाळेपणा त्यांचा असणं शक्य नाही. खारूताईचाच.
लेक आली होती. आई, तू बाबांच्या लॅपटॉपवर काय करतेस म्हणाली. घरचंच काम, म्हटलं. ती स्क्रीनकडे बघून हसली. म्हणाली, तू त्या बाईवर जळतेस, आई. बाबा होते तेव्हाही जळायचीस.
भांडी घासायला घेतली. आवाज जरा जास्त झाला, पण तो नळाचा.

१५ जून
सकाळी एका ग्रंथपालाचा फोन. हे गेल्याचं त्यांना माहीत नव्हतं. म्हणाले, बाई, पुस्तकं केव्हाच परत केलेल्या लोकांना 'पुस्तक परत करा' अशा नोटिसा जाताहेत. लोक काउंटरवर येऊन माझा उद्धार करतायत. बघितलं तर बदल साहेबांचा, याच आठवड्यातला. एवढ्या वर्षांत साहेबांची चूक कधी झाली नाही हो. जरा त्यांना फोन देता का?
मी म्हटलं, बाहेर गेलेत.
ते म्हणाले, आले की सांगा.
हो म्हटलं.
शेल्फातलं पुस्तक पुन्हा काढून पाहिलं, तर त्या आत सरकलेल्या ओळी मुद्दाम आत होत्या म्हणे. 'पुस्तक परत आलं नसेल तरच' या अटीच्या पोटातल्या. मी बाहेर काढल्या आणि अट त्यांना लागूच राहिली नाही, नोटिसा सरसकट सुटल्या. पुस्तकात एवढं ठळक सांगायला हवं.

१६ जून
खारूताईला फोन केला. सांगायचं काही कामच पडलं नाही. तिला आधीच दिसलं होतं. सर गेल्यानंतरच्या तारखा पाहून पहिल्या दिवशी लॅपटॉपच बंद केला म्हणाली. मग 'हं' वाचून हसले आणि मग रडले, म्हणाली. तिने रडायचं कारण मला कळलं नाही. म्हणजे कळलं, पण आवडलं नाही.
वर म्हणते, वहिनी, तुमचं मोजण्यातच चुकलं. रिव्हिजनवर नावाबरोबर ईमेल असतो, आणि सरांचा पूर्वीचा ईमेल वेगळा होता. त्या वेळचे सर तुम्ही वेगळा माणूस धरलात. दोन्ही एकत्र केले तर सर थोडे पुढेच होते!
मग म्हणाली, वाचनालयांपर्यंत पोचलेल्या रिव्हिजन पुसता येत नाहीत, एकेक करून उलटवाव्या लागतात. आणि तुम्ही केलेल्या तुमच्या नावावर टाकते. सरांवर आळ नको. उलटवायचं काम तुम्हीच करता का?
मी का? निस्तरायचं काम भागीदाराचं. स्पष्ट सांगितलं, तुम्हीच करा.
बरी जिरवली.

२० जून
तक्ता आला. उलटवणं हीही रिव्हिजनच, त्यामुळे माझी एकेक उलटवताना तिच्या नावावर एकेक वाढत गेली. एक: खारूताई. दोन: हे. तीन: मी.
मी विचारलं, या नंबरांमुळे जागा किती वाचली? म्हणाली, नावं एकदाच लिहिली म्हणून भरपूर. पण माणसं तीनच, सगळे नंबर एकाच अंकाचे, त्यामुळे कुणाला कुठलाही नंबर दिला असता तरी जागा तेवढीच. बदलून देऊ का? मी म्हटलं, छे, नंबरांचं काय एवढं.
फोन ठेवून तक्ता नीट पाहिला. दोन आणि तीन. यांच्या शेजारी मी, मधे कुणी नाही. मला पहिल्यापासून हेच हवं होतं. एक नंबर तिचा तिला लखलाभ.
फार बरं वाटलं. चहा टाकला.
चहा पिताना लक्षात आलं, एक आणि दोनच्या मधेही कुणी नाही.