ओठ मिटतात तिथे

४ ऑक्टोबर, शनिवार

पोहोचले एकदाची. खोली माझ्या अपेक्षेपेक्षा कितीतरी चांगली आहे. पलंग, लिहायचं टेबल, भिंतीत कपाट, आणि खिडकीतून दिसणारं मेंदीचं लांबलचक कुंपण. ते कापायला एक माळी आहे. मी येताना त्याला हात केला, पण त्याचं लक्ष नव्हतं. खाली स्टुडिओ आणि वर राहायच्या खोल्या. जिन्यावर इतका जाड गालिचा की माझीच पावलं मला ऐकू येईनात.

बावीस वर्षं मी डबिंग करते आहे. शेजारणी, सासवा, तीन भुतं आणि एक शेळी, एवढ्यांना आवाज दिला. आता पहिल्यांदाच नायिका! टिल्ली स्टेशनवर म्हणाली, आई, शेळीनंतर एकदम नायिका, मधली बढती कुठे गेली? मी तिच्या पाठीत धपाटा घातला आणि मग गाडी सुटेपर्यंत दोघी उगाचच हसत राहिलो. ही वहीसुद्धा तिनेच दिली. म्हणाली, आवाज सगळ्यांना वाटतेस, अक्षर तरी स्वतःजवळ ठेव.

ती लहान असताना तिला सांभाळायला कुणी नसायचं, म्हणून मी तिला कामावर घेऊन जायचे. ती काचेपलीकडे स्टुलावर बसायची. मी आतून आवाज न करता नुसत्या ओठांनी म्हणायचे, पाच मिनिटं, पिल्ला. ती लगेच पाच बोटं दाखवायची. शाळेत जायच्या आधी तिला माझे ओठ वाचता यायला लागले होते. आज एकोणीस वर्षांची घोडी झाली तरी गर्दीत आम्ही तसंच बोलतो.

इथले व्यवस्थापक फार मृदू बोलतात, प्रत्येक वाक्यात मॅडम. कथा बाहेर फुटू नये म्हणून फोन जमा करून घेतला. रविवारी त्यांच्या खोलीतून घरी बोलता येईल. हरकत नाही. स्वयंपाक करणाऱ्या मावशींनी सूप आणि ब्रेड आणून दिला आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या. मी विचारलं, काय हो मावशी? तर म्हणाल्या, काही नाही, बारीक आहात.

६ ऑक्टोबर, सोमवार

आज आवाजाची चाचणी झाली, सलग तीन तास. रेकॉर्डिंग करणारे दादा काचेपलीकडे बसतात. कानांवर हेडफोन इतका घट्ट की तो त्यांच्या जन्मापासून तिथे असावा. त्यांनी मला वाक्यांची चळत दिली. जेवलीस का? मी बरी आहे. काळजी करू नकोस. दार नीट लावून घे. कुणाकुणाशी बोललीस? सांग ना, मला नाही का सांगणार? रागाने, लाडाने, थकून, हसत, प्रत्येक वाक्य चार तऱ्हांनी. मी म्हटलं, दादा, हा सिनेमा आहे की माझं घर? ते हसले नाहीत. आवाजाची पट्टी बसवायला लागतं, म्हणाले.

८ ऑक्टोबर, बुधवार

चित्रपट राजकीय आहे, रहस्यमय. एका निवासी शाळेच्या पाण्यात कारखान्याचं सांडपाणी मिसळतं, मुलं दगावतात, आणि सरकार ते दाबून टाकतं. माझी नायिका सरकारी इस्पितळातली नर्स. चौकशी समितीपुढे तिची साक्ष चालली आहे. नटी नवी आहे, चित्रीकरणाच्या वेळी जनरेटरचा आवाज फार आला, म्हणून सगळे संवाद नव्याने घ्यायचे.

संवाद लिहिणाऱ्याला आमचं काम पक्कं ठाऊक आहे. प, फ, ब, भ, म म्हणताना ओठ मिटतात. पडद्यावर ओठ मिटले आणि आवाजात त्या जागी यातलं अक्षर नसलं की बघणाऱ्याला खटकतं. इथे एक जागा चुकलेली नाही. दिवसभरात बारा तुकडे झाले. संध्याकाळी मी स्वतःवरच खूश होते.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

ही नटी अभिनय करत नाही. म्हणजे इतका चांगला करते की करतच नाही. स्वेटरचं वरचं बटण तुटलंय, त्याचा दोरा ती बोटाला गुंडाळत राहते. सुरुवातीची क्लॅपची पाटी नाही, दुसरा टेक नाही, कुठल्याच तुकड्यात ती अडखळून हसत नाही. नटनट्या हसतात. चुकतात तेव्हा तर हमखास.

आणि आज एक गोष्ट दिसली. माझं वाक्य होतं, ती तीन-चारच मुलं होती, आधीपासून आजारी. तिचे ओठ म्हणतात, एकेचाळीस मुलं. मी तीनदा मागे घेऊन बघितलं. ‘मुलं’ला ओठ बरोबर एकाच जागी मिटतात, म्हणून जोड कळत नाही. पण आधीचा आकडा एकेचाळीसच.

जेवताना व्यवस्थापकांना विचारलं. ते म्हणाले, मॅडम, हीच तर गंमत आहे. आधी तिच्याकडून खोटी साक्ष वदवून घेतात, खरी येते क्लायमॅक्सला. ती पानं तुम्हाला शेवटी देऊ. मला पटलं. जरा लाजच वाटली, बावीस वर्षांनी नायिका झाले आणि लगेच कथा शिकवायला निघाले.

१२ ऑक्टोबर, रविवार

टिल्लीशी बोलले. आधी पाच मिनिटं तिचं नेहमीचं, तिच्या सोबतीला राहिलेल्या मावशीने, म्हणजे माझ्या बहिणीने, कुकर जाळला, मांजर पडद्यावर चढतं. मग म्हणाली, अगं आई, गंमत ऐक. टीव्हीवर त्या शाळेच्या पाण्याची चौकशी चालली आहे ना, त्यातल्या नर्सबाईंचा आवाज डिट्टो तुझा. ‘नाही’ म्हणायच्या आधी तू जो श्वास घेतेस, तोसुद्धा. मावशीला म्हटलं तर ती मला वेडी म्हणते.

मी विचारलं, नर्सच्या अंगात काय होतं?

स्वेटर, म्हणाली. वरचं बटण तुटलेला.

तेवढ्यात फोन बंद पडला. व्यवस्थापकांचा हात तारेपाशी होता. ते म्हणाले, लाइन फार खराब आहे हो इथली.

१३ ऑक्टोबर, सोमवार

मी सरळ सांगितलं, मला घरी जायचंय. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, चहा मागवला. काम अर्धं टाकून कसं चालेल, मॅडम. मी म्हटलं, ही बाई खरी आहे. एकेचाळीस मुलं खरी आहेत. त्यांनी साखर ढवळली आणि म्हणाले, आणि आवाज तुमचा आहे.

खालच्या दाराला आतून कडी नाही, मूठही नाही. उघडायचं बटण बाहेर आहे. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून, असं मावशी म्हणाल्या. माझ्याकडे न बघता.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

आज काम करणार नव्हते. पण तिचा चेहरा बघायचा होता, म्हणून बूथमध्ये गेले.

शेवटच्या तुकड्यात माझ्या कागदावर नुसतं ‘शांतता’ लिहिलंय. सात सेकंद. त्या सात सेकंदांत ती कॅमेऱ्यात बघते आणि तिचे ओठ हलतात. चौकशी समितीकडे नाही, खालीही नाही, थेट माझ्याकडे. दोनदा मिटतात. मग चंबू. मग उघडे.

दादांना म्हटलं, श्वास जुळत नाही, पुन्हा लावा. त्यांनी सहा वेळा लावलं. सहाव्या वेळी कळलं.

तुम्ही बोलू नका.

तिला ठाऊक होतं. तिच्या तोंडाकडे रोखून बघणारी एक बाई कुठेतरी काचेमागे बसलेली असणार, हे तिला ठाऊक होतं. आणि ते वाचायच्या आधी मी सदतीस तुकडे बोलून बसले होते.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

घसा बसल्याचं सोंग. कुणी काही म्हणालं नाही, हेच वाईट.

दादांना एकटं गाठून विचारलं, आता ती कुठे आहे? ते हेडफोन काढत नाहीत. पडद्याकडे बघतच म्हणाले, ताई, चित्राला जिवंत माणूस लागतो. ओठ दिसतात ना. फोनला नाही लागत. फोनला आता तुमचा आवाज यंत्र काढतं.

मला नीट कळलं नाही. की कळलं, आणि मीच —

दुपारी माळी माझ्या खिडकीखालीच कुंपण कापत होता. खिडकी उघडत नाही. मी काचेवर मुठी आपटल्या, घशाच्या शिरा ताणून ओरडले. दहा हातांवर तो. कात्री चालत राहिली. एकदा त्याने मान वर केली, पण कपाळ पुसायला. मला खोलीत माझाच आवाज नीट ऐकू येत नव्हता, सगळा भिंती पिऊन टाकत होत्या. जन्मभर ज्या भिंतींच्या जिवावर पोट भरलं, त्या या.

१९ ऑक्टोबर, रविवार

त्यांनी आपणहून बोलावलं. फोन माझ्या हातात दिला. टिल्ली पलीकडे होती. मी म्हटलं, टिल्ली, नीट ऐक, तो आवाज माझाच —

ती म्हणाली, हो आई, जेवले.

मी विचारलंच नव्हतं.

मी म्हटलं, टिल्ली, घर सोड, मावशीला घेऊन —

ती म्हणाली, नाही गं, रडत नाहीये. सर्दी झालीय. गुरुवारी तू फोन केलास तेव्हापासून.

गुरुवारी मी काचेवर मुठी आपटत होते.

मी किंचाळले. ती हसली. कुणाच्या तरी विनोदाला. माझ्या विनोदाला. मग थांबली, ऐकत राहिली, आणि माझी पोर म्हणाली, तुला नाही सांगणार तर कुणाला सांगू? पेपरच्या वार्ताहर बाईंना भेटले काल. तुझ्या जुन्या नाटकाची टेप दिली त्यांना, आवाज ताडून बघायला. त्या म्हणाल्या, आवाज तुझ्या आईचाच आहे. आई, तू नक्की कुठे आहेस?

व्यवस्थापक वहीत लिहून घेत होते. पेपरच्या बाई. टेप. फोन माझ्या कानाला होता, आणि दोन माणसं बोलत होती, आणि त्यांतली एकही मी नव्हते.

२० ऑक्टोबर, सोमवार

तळमजल्यावरची एक खोली उघडली. खुर्ची. दोन दिवे. कॅमेरा.

म्हणाले, तुमच्या मुलीने उगाच गोंधळ घातलाय. आता तुम्हीच पडद्यावर दिसायला हवं. मी सुखरूप आहे, दुसऱ्या कामात आहे, माझ्या मुलीचा गैरसमज झाला, एवढंच. बुधवारी सकाळी चित्रीकरण, रात्रीच्या बातम्यांत दाखवू. मग तिला कुणी त्रास देणार नाही, मॅडम.

मी म्हटलं, मी हे बोलणार नाही.

ते म्हणाले, नका बोलू. तुम्हाला हवं ते बोला. अगदी मोकळेपणाने बोला. आवाजाचं नंतर बघू.

नर्सलाही हेच सांगितलं असणार. शब्दन् शब्द.

चार वाजता गाडी आली. खिडकीतून बघितलं. माझ्याच वयाची बाई, हिरवी बॅग, केस वाऱ्याने उडालेले. तिने माळ्याला हात केला. त्याचं लक्ष नव्हतं.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

काही सुचत होतं ते आरशापुढे करून बघतेय. आवाज काढायचा नाही. ओठच.

समितीचं, मुलांचं, एकेचाळीसचं, सगळं सांगावंसं वाटतं. पण लांब वाक्य ते तोडतील. एकच शब्द हवा. प्रत्येक तुकड्यात, जमेल तिथे, तोच. तोडून तोडून किती तोडतील?

टिल्ली. आरशात हे नाव दिसतच नाही. जीभ आत दातांमागे लागते आणि ओठ नुसते उघडे राहतात. एकोणीस वर्षं हाक मारली आणि आज कळलं की माझ्या तोंडावर तिचं नावच नाही. म्हणून ते नको. ‘पिल्ला’ दिसतं. ‘पळ’ दिसतं. दोन्हींत ओठ मिटतात.

पळ, पिल्ला.

ती टीव्हीपुढे बसेल. माझ्या आवाजात कुणीतरी काहीतरी म्हणत असेल. तिने ऐकू नये. फक्त बघावं. स्टुलावर बसून बघायची तसं.

मावशी ताट न्यायला आल्या. मी वही दाखवली. बूथच्या भिंतीत, माइकच्या डाव्या हाताला, स्पंजचा तुकडा सुटा आहे, त्यामागे ठेवा म्हटलं. त्यांनी पदराखाली वहीएवढी जागा केली आणि थांबल्या. म्हणाल्या, उद्या सकाळी. तुमच्या आधी आलेल्या बाईंकडे लिहायला काही नव्हतं.

२२, सकाळ

हिरव्या बॅगवाल्या बाई. तुमचं नाव ठाऊक नाही. हे वाचत असाल तर तुमच्या समोर मी असेन, पडद्यावर, निळ्या कपड्यात. कागदावर लिहिलं असेल की मी सुखरूप आहे. ते बोलू नका. बोलावंच लागलं तर ओठ चुकवा, प्रत्येक ठिकाणी चुकवा, बघणाऱ्याला खटकू दे. माझी मुलगी एकोणीस वर्षांची आहे. हसताना नाक उडवते. तिला —

जिन्यावर पावलं नाहीत. इथे पावलं ऐकूच येत नाहीत. पण दाराखालचा उजेड हलला.

मावशी नाहीत, ही त्यांची चप्पल नव्हे —

एकदा पुन्हा. चुकायचं नाही. कॅमेऱ्यात बघायचं. आधी ओठ मिटायचे, घट्ट, आणि मग